वरचं तेल, खालचं तेल

...तर तो रुबाबदार गाडीवाला बॉनेटला टेकून उभा, आणि मिस्त्री तेलाच्या नळीवर दोन बोटं ठेवून, डोळे मिटून उभे. काल इथंच थांबलो होतो, नाही का? ज्यांनी काल ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की गाडी जुनी, दोन माणसांची, शर्यतीच्या धाटणीची होती आणि मालक तेलाच्या प्रेशरचा काटा दाखवून फुशारकी मारत होता. काटा पार उजवीकडे टेकलेला.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "हे तेल पोचतंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे काय! प्रेशर बघा ना."

"प्रेशर आहे हो. पण रक्तदाब चढला म्हणजे तब्येत सुधारली, असं तुमचा डॉक्टर म्हणतो का? मधासारखं दाट तेल भरलंय तुम्ही. ढकलाढकली भरपूर, पोचतंय थोडं. काट्याकडे बघून इंजिन चालवणं म्हणजे आवाजावरून जेवणाची चव सांगणं."

गाडीवाल्याचा चेहरा असा झाला, की मला शेजारी माझ्या लेथ मशीनमागं तोंड लपवून हसावं लागलं. पातळ तेल भरून गाडी दिली, काटा अर्ध्यावर आला, इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं, आणि तो माणूस पुढं दहा वर्षं मिस्त्रींकडेच येत राहिला.

यावरूनच लोक त्यांना 'नाडी मिस्त्री' म्हणायचे. इंजिन चालू असताना तेलाच्या नळीवर बोटं ठेवली की त्यांना आत काय चाललंय ते कळायचं. त्यांच्या मेव्हण्यानं एकदा विचारलं होतं, "भावजी, पायजम्याची नाडीही तपासता का?" तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "तुमची तपासायची गरजच नाही, ती कायम सैलच." असा माणूस. त्यांच्या गॅरेजच्या आणि माझ्या लेथच्या मध्ये एक पत्र्याची भिंत होती, तिला मधोमध खिडकीएवढं भोक. त्या भोकातून आमची चाळीस वर्षांची मैत्री ये-जा करायची. समोरासमोर आम्ही अरे-तुरे. लिहिताना मात्र आदरानं लिहितो, कारण माणूस आदराचाच. आणि तरीही त्यांनी एक गोष्ट अशी केली, की ती त्या आदरात बसत नाही. आज ती सांगायची आहे. इकडंतिकडं फार भरकटणार नाही. प्रयत्न करतो.

मिस्त्रींचे वडील पिठाच्या गिरणीवर इंजिन चालवायचे. गिरणीचं इंजिन म्हणजे एक सिलिंडर, एक भलंमोठं चाक आणि आवाज असा की गिऱ्हाईकं खुणेनंच बोलायची. वडिलांनी मुलाला एकच गोष्ट शिकवली: तेल आधी, चावी नंतर. ते वारले तेव्हा मिस्त्री एकवीस वर्षांचे आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. पुढं त्या धाकट्याला मिस्त्रींनीच वाढवला. त्याच्या शाळेच्या चपलेपासून त्याच्या लग्नातल्या कोटापर्यंत सगळं दादानंच पाहिलं. वहिनी म्हणायच्या, "मला दोन मुलं आणि एक दीर, पण ह्यांना विचाराल तर तीन मुलं."

धाकटा मोठा झाला तोच हातात पाना घेऊन. आणि काय हात हो त्याचे! मी लेथवर बसणारा माणूस, केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखतो. पण धाकट्याची बोटं माझ्याहून हुशार होती. जिथं डोळा पोचत नाही तिथं बोट घालून तो सांगायचा, "लेथदादा, इथं कडा राहिलीय." आणि कडा असायचीच.

दोघा भावांच्या कामाची एक रीत होती. इंजिन दोन मजली घरासारखं वाटून घेतलेलं. वरचं, म्हणजे हेड, वाल्व्ह आणि त्यांना उघडझाप करायला लावणारे कॅमशाफ्ट, हे सगळं धाकट्याचं. खालचं, म्हणजे क्रँकचा फिरता दांडा, बेअरिंग, तेलाचा पंप आणि सगळ्यात तळाशी तेल साठवणारं चेंबर, हे सगळं मिस्त्रींचं. एकानं दुसऱ्याच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. तपासायचंही नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, एकमेकांचं एकदा बघून घेत जा." मिस्त्री म्हणाले, "भावाचं काम तपासायचं म्हणजे भावावर भरवसा नाही असं झालं." तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं.

त्या काळात त्यांच्याकडे डॉक्टरीणबाईंची लाल गाडी यायची. बाई लहान मुलांच्या डॉक्टर, अंगानं बारीक, आवाजानं करड्या. गाडी त्यांच्या वडिलांची. छप्पर मागं दुमडणारी, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. बाई दवाखान्यात पांढरा कोट घालून गंभीर चेहऱ्यानं बसायच्या, आणि रविवारी हीच बाई त्या गाडीत बसली की शाळा सुटलेल्या पोरीसारखी दिसायची. दरवर्षी एकदा जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा, गाड्या डोंगराच्या वळणाच्या रस्त्यानं वर चढवायच्या. कोण पहिला येतो याला महत्त्व नव्हतं, असं सगळे म्हणायचे, आणि पहिला येण्यासाठी सगळे जीव टाकायचे.

त्या गाडीला मिस्त्रींनी नवा, जास्त ताकदीचा तेलपंप बसवला आणि एक नवीच कटकट सुरू झाली. जोरात पळवून थांबवली की मागून निळा धूर. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्यामागं येणारे लोक खोकतात, आणि मी डॉक्टर आहे."

आता हे जरा समजून घ्या, पुढं लागणार आहे. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. चार वर्ग एका खोलीत आणि एकच गुरुजी. त्यामुळं मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. पंप तळाच्या चेंबरमधलं तेल ओढतो. त्यातलं बरंचसं खालच्या बेअरिंगांना जातं, थोडं एका बारीक वाटेनं वर हेडला जातं, आणि वरून परत ओघळून तळाशी येतं. दोन मजली घरात वरच्यानं नळ सताड उघडा ठेवला तर काय होतं? वर पाण्याचं तळं आणि खालच्याची बादली कोरडी. तेच इथं. नव्या पंपानं वर भसाभस तेल जायचं, ते वाल्व्हच्या कडेनं आत गळायचं आणि जळून धूर व्हायचा.

धाकटा भोकातून माझ्याकडे आला. "लेथदादा, एक पितळी बूच करून द्या. मधून दोन मिलिमीटरचं भोक. वर जाणाऱ्या वाटेत बसवतो. वरच्याला पुरेल एवढंच जाईल, उरलेलं खालच्याला."

मिस्त्री पलीकडून म्हणाले, "कारखान्यानं जी वाट ठेवली ती मूर्खपणानं ठेवली का?"

"दादा, कारखान्यानं हा पंप नव्हता ठेवला. तो तू ठेवलास."

"बरं बाबा. तुझा मजला, तू बघ."

मी बूच केलं. दोनच मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. आजही त्या भोकाची शपथ घ्यायला तयार आहे.

वरचं काम धाकट्यानं केलं. खालच्यासाठी मिस्त्रींनी चेंबर काढून धुतलं. त्या गाडीच्या चेंबरमध्ये पंपाच्या जाळीभोवती एक डबी असते. डबीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना छोटी बिजागरीची दारं, आत उघडणारी. तेल आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. कारण असं, की जोरात वळण घेतलं की तेल एका कडेला पळतं. बादली घेऊन पळत वळून बघा, कळेल. दारं नसती तर जाळीपाशी तेल उरायचं नाही आणि पंप नुसती हवा ओढायचा.

त्या पट्ट्या डाव्या-उजव्या दिसायला जुळ्या बहिणी. इतर कुठल्याही इंजिनाच्या असत्या तर मिस्त्रींनी काढतानाच छिन्नीनं डावीला एक टिंब, उजवीला दोन टिंबं मारली असती. ही त्यांची पक्की सवय. पण ही लाल गाडी. अकरा वर्षं हातातली. पट्ट्या काढताना मीच विचारलं होतं, "हिला खुणा नकोत का?" तर म्हणाले, "आपल्या पोराच्या अंगावर कोणी नाव गोंदतं का ओळखायला?"

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो. बाई गाडी चालवणार, शेजारी धाकटा. तो बसला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. धाकटा बत्तीस वर्षांचा होता, त्याला एक मुलगा होता, तरी केली.

"काट्यावर नजर ठेव," मिस्त्री म्हणाले.

"तूच म्हणतोस काट्याकडे बघू नये."

"ते गिऱ्हाइकांना म्हणतो."

गाडी गेली. धूर? नावालाही नाही! माझी छाती फुगली, म्हटलं बूच माझं आहे. पहिलं वळण, दुसरं वळण, आवाज डोंगरावरून कसा घुमत येत होता. तिसरं वळण लांब होतं, डावीकडचं. आणि तिथून आवाज आला, ठक्, ठक्, ठक्, कोणीतरी आतून दार ठोठावल्यासारखा. मग एक मोठा कडाका. मग शांत.

आम्ही धावत वर गेलो. माझं तेव्हाही पोट सुटलेलं, तरी धावलो. रस्त्यावर तेलाची काळी रेघ, रेघेच्या टोकाला लाल गाडी. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ओतीव ब्लॉक फोडून बाहेर आला होता, मुठीएवढं भोक पाडून. बाईंना काही झालं नव्हतं. त्या कठड्यावर बसून दोन्ही हातांनी गॉगल पुसत होत्या, पुसत होत्या, पुसतच होत्या. धाकटा गाडीशेजारी उभा.

"काटा पडला, दादा. वळणात पडला. मी ओरडलो, पण वाऱ्यात बाईंना ऐकू गेलं नाही."

मिस्त्रींनी बॉनेटखाली बघितलं. आजूबाजूला पंधरावीस माणसं जमलेली, इतर गाड्यांचे मालक, त्यांचे मिस्त्री. आणि मिस्त्रींच्या तोंडून ते वाक्य निघालं.

"तुझ्या पितळी तुकड्यानं इंजिन खाल्लं."

धाकटा म्हणाला, "वरचं अडवलं तर खाली जास्त येईल, दादा. कमी कसं येईल?"

हे बरोबर होतं. सातवी पास माणसालाही कळत होतं. पण मिस्त्री म्हणाले, "तुकडा सुटून खालची वाट बुजली असेल. मी सांगत होतो. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून शिकवतोय, आणि आज मला शिकवतोस?"

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. बूच माझं, भोक माझं, ते सुटण्यासारखं नव्हतं हे मला ठाऊक. मी काय केलं? मी रस्त्यावरच्या तेलाकडे बघितलं. मूग गिळून बसणं म्हणतात ते हे. चारचौघांत मित्राला खोटं कसं पाडायचं, असं मला वाटलं. धाकटाही कोणाचा तरी मित्र आहे, हे वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवून उलटं टांगलं. खालचा मजला मिस्त्रींचा, म्हणून त्यांनी एकट्यानंच चेंबर उघडलं. धाकटा बाहेर पायरीवर बसला होता. अर्ध्या तासानं मिस्त्री चिंधीला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या बाजूचं सगळं बरोबर होतं."

बस्. दादा म्हणाला म्हणजे संपलं. धाकट्यानं मान हलवली. त्यानं ते मानलं हो! भांडला असता तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी त्यानं पाने धुऊन, पुसून, आकारानं लावून ठेवले आणि दुसऱ्या गावच्या पाणीपुरवठ्यात पंपावर नोकरीला लागला. पाण्याच्या टाकीचे वाल्व्ह सोडायचे, बंद करायचे, काटे वहीत टिपायचे. गाडीच्या इंजिनाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. लोकही सोडत नव्हते. 'तेल अडवणारा' असं नाव पडलं होतं त्याचं, आणि असं नाव माणसाच्या आधी दुसऱ्या गावात पोचतं.

लाल गाडी बाईंच्या शेडमध्ये कापडाखाली गेली. भावांचं बोलणं उरलं लग्नापुरतं आणि आजारापुरतं. मिस्त्री वरचं-खालचं दोन्ही एकटेच करायला लागले. गॅरेजमधली हसायची जागा मात्र रिकामी झाली. मी भोकातून गमती सांगायचो, ते 'हं' म्हणायचे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना झोपेत दात खायची सवय लागलीय, भावजी. जागेपणी काय गिळतात कोण जाणे."

अशी सव्वीस वर्षं गेली. लिहायला एक ओळ लागते.

मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंची लेक आली. बाई आता थकल्या होत्या, आणि लेकीला एकदा तरी त्यांना त्या गाडीत बसवायचं होतं. मिस्त्री सत्तरीचे. मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "आणा." फुटलेल्या ब्लॉकला लोखंडाचे टाके घालणारा एक कारागीर त्यांनी शोधून काढला, त्यानं गोधडीला ठिगळ लावावं तसं ते भोक बुजवलं. सात महिने मिस्त्री त्याच कामात होते. वरचं त्यांनी, खालचंही त्यांनीच. वाटेत बूच घातलं नाही.

गाडी चालू झाली, पळवून आणली आणि मागून निळा धूर! तोच. मी काही बोलणार नव्हतो, पण बोललो. "एक बूच करू का?"

मिस्त्रींनी आधी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "कर. दोन मिलिमीटर."

मी केलं. पहिली तीन वाया गेली, चौथं जमलं. बसवलं. लेकीनं गाडी डोंगराच्या रस्त्यानं वर नेऊन आणली, त्याच वळणावरून. धूर नाही. काटा जागचा हलला नाही. ती आनंदानं हॉर्न वाजवत आली आणि मिस्त्री गॅरेजच्या पायरीवर मटकन बसले. मला वाटलं, छातीत दुखतंय. पाणी आणलं. ती पोरगी गेल्यावर ते बोलले.

"लेथवाल्या, पट्ट्या उलट्या होत्या."

"कुठल्या पट्ट्या?"

"त्या वर्षी. चेंबर बसवताना इंजिन उलटं टांगलेलं. उलट्या माणसाचा डावा हात कुठं येतो? डावी पट्टी मी उजवीकडे बसवली, उजवी डावीकडे. दारं बाहेर उघडत होती. वळणात सगळं तेल निघून गेलं आणि परत आत यायला वाट नाही. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही, वळणात जीव गेला. टिंबं मारली असती तर झालं नसतं."

"हे तुला कळलं कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. चेंबर काढलं आणि पहिलं तेच दिसलं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आणि तू बाहेर येऊन म्हणालास..."

"आदल्या दिवशी पंधरा माणसांत बोलून बसलो होतो. तो पायरीवर बसला होता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्याचा चेहरा बघवेना. म्हटलं, राग गेला की सांगू. त्याला राग आलाच नव्हता, तो जाणार कसा? मग तो नोकरीला लागला. म्हटलं, आता तो लागलाय मार्गाला, कशाला उकरायचं? असं एकेक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या एकदाच मारल्या आणि सव्वीस वर्षं ऐकतोय."

मी म्हटलं, "उठ. जाऊ."

"आता? चार महिन्यांनी तो निवृत्त होतोय. आता त्याला काय करायचंय ऐकून?"

"म्हणजे पुन्हा 'उद्या'च ना?"

ते उठले.

सकाळच्या बसनं गेलो. चार तास मी एकही गोष्ट सांगितली नाही. वहिनींना सांगाल तर विश्वास बसणार नाही त्यांचा. पंपघर गावाबाहेर. लोखंडी फाटक, आत दोन मोठे पंप, हिरवा रंग दिलेल्या जाड नळ्या, भिंतीवर ओळीनं काटे. सगळं इतकं स्वच्छ, की जमिनीवर जेवावं. मागं त्याचं क्वार्टर. धाकटा अठ्ठावन्नचा, केस पांढरे, कपाळ थेट दादासारखं.

"दादा! लेथदादा! कळवलं का नाही? तब्येत बरी आहे ना?" मग बायकोला हाक, "अगं, चहा टाक, दादा आलाय."

आम्ही व्हरांड्यात बसलो. मिस्त्रींनी चहा यायची वाट बघितली नाही. खुर्चीच्या टोकावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत धडा म्हणावा तसं सगळं सांगितलं. पट्ट्या, दारं, दुसरा दिवस, पायरी. कुठं स्वतःला सांभाळून घेतलं नाही.

धाकटा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दोन्ही उलट्या?"

"दोन्ही."

"म्हणजे वरचं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"दोन मिलिमीटर?"

मी म्हटलं, "दोनच. आता नवं केलं तेही दोनच. काटा हलत नाही."

तो हसला. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग घड्याळ बघून उठला. "दोनचा वाल्व्ह सोडायचाय. आलो." आम्ही खिडकीतून बघत होतो. चाक फिरवलं, काटा बघितला, वहीत टिपलं, परत चाकाला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. नळीवर बोटं ठेवून. परत आला तोवर त्याची बायको चहा ठेवून गेली होती.

मिस्त्री म्हणाले, "चल माझ्याबरोबर. लाल गाडी चालू आहे. हेड अजून नीट बसलेलं नाही, मला तुझ्यासारखं जमत नाही. निवृत्त झालास की ये. वरचा मजला तसाच आहे."

धाकट्यानं आपले हात पुढं करून बघितले. मोठ्या चाकांनी रुंद, घट्टे पडलेले. "दादा, ह्यांना आता बारीक स्क्रू सापडत नाही. बायकोच्या चष्म्याचा बसवायला गेलो, तर चष्माच मोडला."

"येईल. हात विसरत नाहीत."

"विसरतात." मग तो बोलला, आवाज न चढवता. "मुलाला मिस्त्री व्हायचं होतं. शाळेत असल्यापासून. मीच नको म्हटलं. मला वाटलं, माझ्या हातात खोट आहे, ती त्याच्यात उतरली असेल. उद्या त्याच्या हातून कोणाची गाडी, कोणाचा जीव जायचा. दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी."

"आता काय करतो?"

"कापडाच्या दुकानात आहे. बरा आहे. मापात चुकत नाही म्हणतात मालक."

पंपांची घरघर तेवढी चालू.

"चहा घे, दादा," धाकटा म्हणाला. "गार होतोय."

आम्ही चहा प्यायलो. त्यानं आग्रह करून दुसरा कप दिला. गुडघ्यांना काय लावता विचारलं, परतीची बस किती वाजता ते सांगितलं, उन्हात टोपी घाला म्हणाला. फाटकापर्यंत आला, आम्ही वळणावर जाईपर्यंत उभा राहिला, हात केला. सगळं रीतीनं. नावं ठेवायला जागा नाही.

बसमध्ये बसलो. मी खिडकीपाशी, मिस्त्री शेजारी. अर्धा रस्ता गेला. मला न बोलता राहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि चांगलं काहीतरी बोलावं असंही वाटत होतं. म्हटलं, "सव्वीस वर्षांचं ओझं उतरलं, मिस्त्री. आता हलकं वाटत असेल, नाही?"

मिस्त्री समोर बघत म्हणाले, "हलकं कसलं, लेथवाल्या? तो बत्तीसचा होता तेव्हा सांगितलं असतं, तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, पाना फेकून मारला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आला असता. आज सांगितलं, तर त्यानं चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवायला आला."